रसायनशास्त्राचा तास आणि ख्रिस्ती दृष्टी: हायस्कूलच्या शिक्षकांसाठी

वर्गात आल्यावर एक वचन वाचायचं, मग फळ्यावर समीकरणं संतुलित करायची आणि घंटा झाली की प्रार्थना. ख्रिस्ती दृष्टीने रसायनशास्त्र शिकवणं म्हणजे एवढंच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. वचन आणि समीकरण एकाच तासात यायचे, पण त्यांची एकमेकांशी ओळखही नसायची. मुलांना हे अचूक कळायचं. वचन चालू असेपर्यंत कोणी वही उघडत नसे.

आता मी वेगळ्या पद्धतीने शिकवतो. ब्युरेटवरचं (द्रावण मोजून सोडायच्या खुणांच्या काचनळीवरचं) वाचन कसं लिहिलं जातं, चुकलेल्या प्रयोगाकडे वर्ग कसा पाहतो, उरलेलं द्रावण कुठे जातं, विश्वासाची परीक्षा मला तिथे होताना दिसते. शाळेत शिकवणाऱ्यांना आणि घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांनाही उपयोगी पडेल अशा क्रमाने ही पद्धत इथे मांडतो.

आधी आपली भूमिका कागदावर उतरवा

वर्ष सुरू होण्याआधी एक पान घ्या आणि दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा. पदार्थाचा अभ्यास करणं चांगलं का आहे? आणि त्यासाठी प्रयोग का लागतो?

पहिल्याचं उत्तर उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. देवाने जे केलं ते त्याला चांगलं दिसलं, म्हणून माती, मीठ, धातू, वायू यांच्याकडे तुच्छतेने बघायला आपल्याला मोकळीक नाही. दुसऱ्याचं उत्तर जरा खोल आहे. देव शिस्तीचा आहे, म्हणून सृष्टीत नियम सापडतील अशी आशा धरता येते. पण तो स्वतंत्रही आहे. त्याने सृष्टी कशी घडवली हे खुर्चीत बसून, नुसत्या तर्काने ठरवता येत नाही. जाऊन पाहावं लागतं, मोजावं लागतं. रॉबर्ट बॉइल (१६२७ ते १६९१) याच वृत्तीने हवेच्या पंपापाशी उभा राहिला. वायूचा दाब आणि आकारमान यांचा त्याचा नियम १६६२ साली छापून आला. तोच बॉइल बायबलच्या भाषांतरांना पैसा पुरवत होता आणि ख्रिस्ती विश्वासाच्या समर्थनार्थ व्याख्यानं व्हावीत म्हणून मृत्युपत्रात तरतूद करून गेला. धातूचं सोनं करता येतं यावरही त्याचा विश्वास होता, हेसुद्धा मुलांना सांगा. थोर माणूसही चुकतो, आणि चूक शेवटी प्रयोगातूनच उघड होते.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट लिहा: आपण काय करणार नाही. आपल्याला जे समजत नाही त्या जागी देवाला बसवायचं नाही. सजीवांतली संयुगं तयार व्हायला एखादी खास ‘जीवनशक्ती’ लागते, असा एके काळी समज होता. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला आणि त्या समजाला तडा गेला. ज्याने त्या जीवनशक्तीलाच देवाचा पुरावा मानलं असेल, त्याचा देव त्या दिवशी थोडा लहान झाला असेल. युरियाचा रेणू कसा बनतो हे कळलं म्हणून तो देवाच्या हातचा नाही, असं होत नाही.

अभ्यासक्रम घ्या आणि पेन्सिलीने खुणा करा

एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. प्रत्येक प्रकरणापुढे तीनपैकी एक खूण करा: इथे शास्त्रवचनाशी नातं आपोआप जुळतं, इथे बऱ्यावाईटाचा प्रश्न उभा राहतो, इथे काहीच जोडायचं नाही.

तिसरी खूण सर्वांत जास्त वेळा येईल, आणि यायलाच हवी. मोल संकल्पना, इलेक्ट्रॉन संरूपण, सेंद्रिय संयुगांची नावं ही प्रकरणं नीट, संयमाने, भरपूर सराव देऊन शिकवा. सहसंयुज बंधातली इलेक्ट्रॉनची भागीदारी म्हणजे ख्रिस्ती प्रीती, अशा उपमा टाळा. अणू प्रीती करत नाहीत. मुलाला बंध समजत नाही आणि प्रीतीही स्वस्त होते. मोलचं गणित ज्याच्या डोक्यात शिरत नाही त्याच्याजवळ तिसऱ्यांदा बसून ते समजावणं, यात शेजाऱ्यावरची प्रीती पुरेशी आहे.

पहिल्या तासासाठी मात्र माझ्याकडे एक ठरलेली गोष्ट आहे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या जुन्या दारावर स्तोत्रसंहिता १११ मधली दुसरी ओवी लॅटिनमध्ये कोरलेली आहे. परमेश्वराची कृत्यं थोर आहेत, ज्यांना त्यांची आवड आहे ते त्यांचा शोध घेतात, असा तिचा आशय. ‘शोध घेतात’ हे शब्द फळ्यावर लिहितो आणि थेट काचपात्रांची ओळख करून द्यायला लागतो.

पाण्याच्या धड्याला घाई करू नका

हायड्रोजन बंध (पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारं आकर्षण) शिकवताना आधी एक अंदाज विचारा. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो आणि तो उणे ६० अंश सेल्सिअसला उकळतो. मग पाणी किती अंशाला उकळायला हवं? मुलं हिशेबाने त्याहूनही खालचा आकडा सांगतात. मग त्यांना आठवण करून द्या की पाणी १०० अंशाला उकळतं. क्षणभर गप्प राहा. वर्गालाच ‘का?’ विचारू द्या.

त्यानंतर बर्फ. एक बर्फाचा खडा पाण्यात आणि एक मेणाचा तुकडा वितळलेल्या मेणात टाका. मेण बुडतं, बर्फ तरंगतो. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, कारण हायड्रोजन बंध रेणूंना एका पोकळ, षट्कोनी जाळीत अडकवतात. पाणी सर्वांत दाट असतं ४ अंशाला. म्हणून तळं वरून गोठतं आणि बर्फाखाली मासे जगतात. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात देव ईयोबाला विचारतो, बर्फ कोणाच्या उदरातून निघाला? पाणी दगडासारखं होतं आणि खोल जलाचा पृष्ठभाग गोठतो, असंही तिथे आहे. मी हा भाग धड्याच्या शेवटी वाचतो. रेणूंची जाळी कळल्यावर तो प्रश्न मुलांच्या अंगावर येतो.

इथे एक सावधगिरी हवी. ‘बघा, यावरून देव आहे हे सिद्ध झालं’ असं म्हणू नका. ईयोबाच्या ग्रंथातही तो प्रश्न पुरावा म्हणून येत नाही. तो माणसाला नम्र करायला येतो.

सोडा आणि व्हिनेगर: एका वचनाचा प्रयोग

आम्ल-आम्लारीच्या प्रकरणासाठी हा माझा सर्वांत आवडता तास आहे. नीतिसूत्रे २५:२० मध्ये म्हटलंय की दुःखी मनाच्या माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढून घेणं, किंवा ‘नेतेर’वर आंबलेला द्राक्षारस, म्हणजे व्हिनेगर, ओतणं. नेतेर हा मूळ हिब्रू शब्द. तो कोणता पदार्थ, हे मुलांनी प्रयोगाने शोधायचं.

एका जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘नायटर’ आहे. आजच्या रसायनशास्त्रात नायटर म्हणजे सोरा, पोटॅशियम नायट्रेट. दुसरा उमेदवार नेट्रॉन, म्हणजे कोरड्या सरोवरांच्या काठी सापडणारा, मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असलेला सोडा. आता असं करा:

१. सगळ्यांना संरक्षक चष्मे लावायला सांगा. २५० मिलिलीटरची दोन चंचुपात्रं घ्या. एकात २ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, दुसऱ्यात २ ग्रॅम सोडियम कार्बोनेट. पोटॅशियम नायट्रेट जवळपासच्या ज्वालेपासून आणि जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा.

२. दोन्हींत तापमापी धरून ५० मिलिलीटर साधं, ५ टक्क्यांचं व्हिनेगर हळूहळू ओता.

३. मुलांनी जे दिसेल ते फक्त लिहायचं, अर्थ लावायचा नाही. पहिल्या पात्रात क्षार मुकाट्याने विरघळतो आणि पारा तीनेक अंश खाली येतो. दुसऱ्यात फेस उसळतो.

४. दुसरी क्रिया बूच आणि नळी लावलेल्या शंकुपात्रात पुन्हा करा आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडा. ती दुधाळ होते, म्हणजे तो कार्बन डायऑक्साइड. शब्दसमीकरण मुलांनीच लिहायचं: अ‍ॅसेटिक आम्ल आणि सोडियम कार्बोनेटपासून सोडियम अ‍ॅसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

५. मग विचारा, वचनातला नेतेर कोणता?

बहुतेक मुलं फेसाकडे बोट दाखवतात. एका वर्षी एका मुलाने मात्र पहिल्या पात्राची बाजू घेतली: “सर, थंडीत वस्त्र काढलं की गारच वाटतं ना? हेही गारच झालंय.” मी त्याचं म्हणणं फळ्यावर लिहिलं. मग यिर्मया २:२२ उघडलं. तिथे हाच नेतेर धुण्यासाठी वापरलेला आहे, साबणाच्या बरोबरीने. सोऱ्याने मळ निघत नाही, सोड्याने निघतो. त्या मुलाने स्वतःच आपलं मत बदललं, आणि ते बदलताना त्याला जरासुद्धा कमीपणा वाटला नाही. काही भाषांतरांत याच ठिकाणी ‘जखमेवर व्हिनेगर’ असं आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरातून आलेला तो पाठही मुलांना सांगून टाका.

धुण्याचा सोडा कामाचा, व्हिनेगरही कामाचं; एकत्र केले की थोडा वेळ फेस येतो आणि धुण्याचा गुण जातो. शोक करणाऱ्याच्या घरी नको तेव्हा गाणं म्हटलं तर काय होतं, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना त्या पात्राकडे बघून कळतं. फक्त ‘बायबलमध्ये रसायनशास्त्र आधीच होतं’ असा दावा करू नका. त्या काळच्या धुणाऱ्या बाईलाही हा फेस ठाऊक होता; शलमोनाच्या वचनांनी तिच्या रोजच्या ज्ञानातून उपमा उचलली, इतकंच.

याच पद्धतीने साबणीकरणाला मलाखी ३:२ मधला परटाचा साबण आणि धातू शुद्धीकरणाला यिर्मया ६:२९ मधला भाता आणि शिसं जोडता येतं. रुप्यातला हीण काढायला शिसं का वापरत, हा प्रश्न मुलांना आठवडाभर शोधायला द्या.

प्रयोगशाळेतला खरेपणा

बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

अनुमापनाच्या (ब्युरेटमधून थेंब थेंब आम्लारी सोडून आम्लाचं प्रमाण मोजण्याच्या) तासाला एक मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली. तीन वाचनं: १०.० मिलिलीटर, १०.० मिलिलीटर, १०.० मिलिलीटर. शंकुपात्रातलं द्रावण मात्र गडद गुलाबी होतं. फिनॉल्फथॅलीन या दर्शकाचा इतका गडद रंग थेंबभर जादा आम्लारीने येत नाही, माप बरंच पुढे गेलेलं असतं. मी विचारलं, “पहिल्या पानावर काय होतं?” तिने खोडलेलं पान दाखवलं: १०.९, १०.३, १०.२. शेजारच्याचं उत्तर दहा आलं होतं, म्हणून तिने आपलं बदललं होतं. खोडलेली वाचनं चांगली होती. पहिलं अंदाजाचं, पुढची दोन एकमेकांजवळ. खरं काम तिने खोडून टाकलं होतं आणि खोटं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

चूक तिची थोडी, माझी जास्त. मी गुण उत्तराला देत होतो. त्या दिवसापासून नियम बदलले. तुम्हीही हे करून पाहा. वाचनं पेनाने लिहायची, चूक झाली तर एक रेघ मारायची, खोडायचं नाही. निम्मे गुण कच्च्या नोंदींना. अपेक्षेपेक्षा वेगळं उत्तर आलं तर कारण शोधणाऱ्याला जादा गुण. आणि प्रयोग फसल्याची नोंद प्रामाणिकपणे लिहिलेली वही वर्गात वाचून दाखवायची, त्या मुलाची परवानगी घेऊन.

नीतिसूत्रे ११:१ मधला खोटा तराजू सगळ्यांना बाजारातला वाटतो. माझ्या प्रयोगशाळेत तो वजनकाट्याशेजारी लिहिलेला आहे.

या नियमांमागचं कारण मुलांना पटावं म्हणून ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलीची गोष्ट सांगा. त्याने हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन एका काचेच्या गोलात भरून तोलला, तर सुमारे २.३१० ग्रॅम भरला. रासायनिक संयुगांपासून काढलेला नायट्रोजन त्याच गोलात २.२९९ ग्रॅम. फरक एका ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढा. सरासरी काढून मोकळं होणं सोपं होतं. १८९२ साली त्याने हा न जुळणारा फरक छापून जाहीर केला आणि इतरांकडे कारणं मागितली. त्या फरकातूनच विल्यम रॅम्झीबरोबर त्याला आर्गॉन सापडला. ही घोषणा १८९४ सालची. आर्गॉन आपल्या हवेत जवळजवळ एक टक्का आहे आणि तोपर्यंत तो कोणी ओळखलाही नव्हता. रॅलीने आपल्या संकलित शोधनिबंधांच्या आरंभी स्तोत्र १११ मधली तीच ओवी घातली, जी पहिल्या तासाला फळ्यावर होती. इथे मी थांबतो, मुलं आपोआप मागची पानं उलटतात.

शास्त्रज्ञांच्या कथा पूर्ण सांगा

मायकेल फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होता, एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा निष्ठावंत सभासद होता आणि पुढे तिच्या पुढाऱ्यांपैकी एक झाला. बेंझीनचा शोध (१८२५) आणि विद्युत अपघटनाचे नियम त्याचे. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा होता. या कथा सांगाव्यात, पण ‘आपली माणसं’ म्हणून यादी करू नये. जोसेफ प्रीस्टली धर्मोपदेशक होता, १७७४ साली त्याने ऑक्सिजन मिळवला. तो त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) मानत नव्हता, आणि १७९१ साली बर्मिंगहॅममध्ये ‘चर्च आणि राजा’ अशा घोषणा देणाऱ्या जमावाने त्याचं घर आणि प्रयोगशाळा जाळली. हा भाग गाळला तर पुढे कधीतरी मुलांना तो दुसरीकडून कळेल आणि मग तुमच्या बाकीच्या कथांवरचाही त्यांचा विश्वास उडेल.

हेबरचा तास

रासायनिक समतोलाच्या प्रकरणात अमोनियाचं संश्लेषण येतंच. आधी रसायन पूर्ण शिकवा: उच्च दाब, लोहाचा उत्प्रेरक, तापमानाची तडजोड. पुढचा एक संपूर्ण तास माणसासाठी ठेवा.

फ्रिट्झ हेबरने १९०९ साली हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. आज जगातल्या कितीतरी भाकरीमागे त्या अभिक्रियेतून आलेलं खत आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ सोडलेल्या क्लोरीनच्या हल्ल्याची आखणीही त्याचीच. काही दिवसांतच त्याची पत्नी क्लारा इमरवार, जी स्वतः रसायनशास्त्रज्ञ होती, तिने आत्महत्या केली. १९१८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. एवढे प्रसंग कालक्रमाने फळ्यावर लिहा आणि तीन प्रश्न द्या. ज्ञान देणगी आहे तर तिचा हिशेब कोणाला द्यायचा? आज्ञा पाळणारा रसायनशास्त्रज्ञ निर्दोष असतो का? दोन्ही बाजूंच्या खंदकांत प्रार्थना करणारी माणसं होती, मग विश्वासाने त्यांना का थांबवलं नाही?

तिसऱ्या प्रश्नाला पाठ उत्तर देऊ नका. वर्ग गप्प झाला तर त्या गप्पपणाला वेळ द्या. आत्महत्येचा उल्लेख हळुवारपणे करा आणि कोणी मूल अस्वस्थ दिसलं तर तासानंतर त्याच्याशी एकट्याने बोला.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही द्यायला हवं. क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनचा थर नष्ट करतात हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं; १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि जगाने ती रसायनं टप्प्याटप्प्याने बंद केली.

येणारे प्रश्न

‘येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्याचं समीकरण काय?’ कोणीतरी विचारतंच. सरळ सांगा की पाण्यात कार्बन नाही, द्राक्षारसातल्या अल्कोहोलमध्ये आहे, म्हणून कुठलंही समीकरण संतुलित होणार नाही. योहानही ती अभिक्रिया म्हणून सांगत नाही, चिन्ह म्हणून सांगतो. नियम पक्के आहेत म्हणूनच चमत्काराला चमत्कार म्हणता येतं.

‘पृथ्वीचं वय?’ किरणोत्सारी ऱ्हास नीट शिकवा. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं, म्हणून ते सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतच उपयोगी. युरेनियम-२३८ चं सुमारे ४४७ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं हे अनेक स्वतंत्र मोजमापांतून येतं. उत्पत्तीच्या दिवसांचा अर्थ कसा लावायचा यावर ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत, हे आदराने सांगा. पण मोजमाप करणारे लबाड आहेत असं कधीही म्हणू नका. ख्रिस्ती माणूस सृष्टीविषयी चुकीचं बोलला तर ऐकणारा त्याच्या ग्रंथावरही विश्वास ठेवणार नाही, हे ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावून ठेवलंय.

एन्ट्रॉपीने, म्हणजे अव्यवस्था वाढतच जाते या नियमाने, उत्क्रांती खोटी ठरते, हा युक्तिवाद वापरू नका. पृथ्वीला सूर्याकडून सतत ऊर्जा मिळते. ती बाहेरून ऊर्जा न घेणारी, विलग प्रणाली नाही. तसंच, ख्रिस्तामध्ये सर्व काही टिकून आहे या कलस्सैकरांस पत्रातल्या वाक्याचा अर्थ ‘अणुकेंद्रातलं बल म्हणजे ख्रिस्त’ असा करू नका. प्रोटॉन एकत्र का राहतात याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. प्रेषित त्याहून मोठं काहीतरी सांगतोय.

गुण आणि इतर धर्मांची मुलं

विश्वासाला गुण नाहीत. परीक्षेत वचनावर प्रश्न नाही. वर्गात दुसऱ्या धर्माची किंवा कुठलाच धर्म न मानणारी मुलं असतील तर ‘आपण मानतो’ ऐवजी ‘ख्रिस्ती लोक मानतात’ म्हणा, आणि हेबरच्या तासाला त्यांच्या परंपरेतून उत्तर द्यायला त्यांना मुद्दाम वाव द्या. वचनाचा भाग तासाच्या पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

प्रयोग संपल्यावर

उत्पत्ती २:१५ मध्ये बाग राखायला सांगितलीय; आपल्याकडे बेसिन आहे. शिसं, तांबं, क्रोमियम, चांदी यांची द्रावणं त्यात ओतू देऊ नका. प्रत्येकासाठी वेगळी, घट्ट झाकणाची बाटली ठेवा आणि त्यावर पदार्थाचं नाव, अंदाजे संहती आणि तारीख मुलांनीच लिहायची. परीक्षानळीतले १० मिलिलीटर थेंबांवर आणा. प्लास्टिकच्या कागदावर दोन-दोन थेंबांत अवक्षेपणाचे बहुतेक प्रयोग स्वच्छ दिसतात, आणि वर्षभराची बाटली निम्मीसुद्धा भरत नाही. शेवटची पाच मिनिटं काचपात्रं धुण्यासाठी राखून ठेवा, आणि शिक्षकाने स्वतःचं चंचुपात्र स्वतः धुवावं.